आधी बाद, आधी आत

६ जाने., सोम.

हर्षा मॅडमनी सांगितलंय, रोज लिही. पाय कसे वाटतात ते, बस. म्हणून सचिनला कंपनीतून मिळालेली नव्या वर्षाची डायरी घेतली. तो काही लिहीत नाही, तशीच पडली असती.

आमच्या कबड्डी मंडळाच्या सरांनी आम्हा काही जणींना मॅडमकडे पाठवलंय. उल्हासनगर, कॅम्प चार. खाली फरसाणवाला, वर यांचं फिजिओ सेंटर. मॅडम पुढची डिग्री करतायत, त्यांचा अभ्यास चालू आहे. हवेच्या बुटांनी खेळाडूच्या पायातलं रक्त किती जोरात फिरतं, हा विषय. आम्हाला बूट फुकट, त्यांना आमचे पाय.

बूट म्हणजे काय, मांडीपर्यंत येणारी दोन काळी पोती. आत पाय घालायचा, चेन लावायची. मशीन सुरू केलं की आधी पावलात हवा भरते, मग पोटरीत, मग गुडघ्याशी, मग मांडीला. गच्च दाबतं आणि एकदम सोडतं. परत पावलापासून सुरू. रक्त खालून वर ढकलायचं म्हणे, हृदयाकडे. बाकीच्या पोरी "आई गं, कसलं मस्त" करत होत्या. स्वाती, आमची चढाईवाली, ती तर चक्क घोरली.

मॅडम मला म्हणाल्या, "प्रज्ञा, कसं वाटतंय? अच्छा फील होतंय ना?"

म्हटलं, दाबतंय.

"और?"

और काय. दाबतंय.

१६ फेब्रु.ला बदलापूरला जिल्ह्याची निवड चाचणी आहे. सर म्हणाले, डावा कोपरा अजून कोणाला दिलेला नाही. "अजून"वर जोर होता. मी सत्तावीसची. या वेळी नाही घेतलं तर पुढच्या वर्षी मला कोण विचारतंय, नव्या पोरी रांगेत उभ्याच आहेत.

पाय: काही नाही.

८ जाने., बुध.

आज मोजणी. ह.मॅ. (हर्षा मॅडम, सारखं कोण लिहिणार) पेनसारखं यंत्र घेऊन बसल्या. घोट्यापाशी टेकवायचं, त्यातून आतल्या रक्ताचा आवाज येतो. डाव्या कोपऱ्यात उभं राहून दुसऱ्यांचे घोटे पकडण्यात माझी एवढी वर्षं गेली, आज कोणीतरी माझा पकडला.

टेकवण्याआधी जेल लावली. गार.

तीच जेल. सप्टेंबरमध्ये पोटावर लावली होती. सातवा महिना चालू होता. डॉक्टर यंत्र फिरवत राहिले, फिरवत राहिले, मग त्यांनी स्क्रीन स्वतःकडे वळवली. मग उठून बाहेर गेले, सचिनशी बोलायला. मी तशीच पडून. जेल सुकून पोटाला ताण बसायला लागला तरी कोणी पुसायला आलं नाही. त्या दिवशी आवाज आलाच नाही. मुलगी होती म्हणे. मला दाखवली नाही, "बघू नको" म्हणाले सगळे. मी पण हट्ट धरला नाही. सचिन आणि त्याचे काका घेऊन गेले.

आज घोट्यातून आवाज आला. शुक् शुक् शुक्. ह.मॅ. खूश. "क्या बात है! ॲथलीटचं रक्त आहे बाबा!"

म्हटलं मॅडम, जरा आवाज कमी करता का.

"का गं? भारी आहे की."

डोकं दुखतंय म्हटलं. कमी केला.

डोकं दुखत नव्हतं. काहीच दुखत नव्हतं.

१० जाने., शुक्र.

ग्राउंडवर गेले. अंबरनाथ पश्चिमेचं आमचं तेच ग्राउंड, एका बाजूला क्रिकेटवाले, त्यांचा बॉल सारखा आमच्या अंगणात. स्वाती समोरच्या बाजूने चढाईला आली. तिचा पाय माझ्या हाताच्या टप्प्यात होता. दिसला. वाकले पण. हात पोचेपर्यंत ती मला शिवून मधल्या रेषेवर हसत उभी. मी बाद.

बाहेर बसले. रांगेत माझ्यापुढे दोघी. आमच्या खेळात रांग मोडत नाही, जी आधी बाद झाली ती आधी आत येते. आपल्यातल्या कोणी समोरची मारली की पहिली उठते, मग दुसरी. पूर्वी मी बाहेर बसले की मांडीवर थापा मारून मारून आतल्यांचं डोकं खायचे. आज नुसती बसले. माझा नंबर आलेला पण कळला नाही. समोरून स्वातीच ओरडली, "ताई, ऊठ ना! जिवंत झालीस!"

उठले.

सर नंतर म्हणाले, "पाय नाही गं तुझे अजून आलेले."

१३ जाने., सोम.

आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "एवढ्या लांब उल्हासनगरला पाय दाबून घ्यायला जातेस? मी काय मेलेय?" आणि खरंच बसल्या दाबायला. नको नको म्हटलं तरी. त्यांचे हात खरखरीत, पण दाबायची जागा बरोबर सापडते.

सप्टेंबरमध्ये याच हातांनी माझी छाती बांधली होती. दूध उतरलं ना. दुधाला कुठे माहीत की प्यायला कोणी नाही. जुन्या साडीची पट्टी फाडून गच्च बांधली. "दाबून बांधलं की आटतं गं." आटलं.

पाय दाबता दाबता आज म्हणाल्या, "खेळ काय पळून जातोय का? आधी घर भरू दे. मग खेळ की पाहिजे तेवढं." वाईट मनाने नाही म्हणाल्या. पूर्वीची मी असते तर फाडकन तोंडावर बोलले असते. कॉलेजात पंचाशी भांडून सामना बंद पाडला होता मी, असली तोंडाळ बाई. आज "हं" म्हटलं.

पाय: हातांनी दाबलं काय नि मशीनने दाबलं काय. तेच.

१७ जाने., शुक्र.

रविवारी बदलापूरला सरावाचा सामना. चाचणी ज्या ग्राउंडवर आहे तिथेच. सचिनला म्हटलं, बाइकवर सोड.

"रविवारी गाडी सर्व्हिसिंगला द्यायचीय."

परवाच दिली होती की?

"ते ऑइलचं होतं."

बदलापूरचं नाव काढलं की याला कामं सुचतात. याचे सख्खे काका बदलापूर गावात राहतात. डिसेंबरात त्यांच्याकडे साखरपुडा होता, तर हा तेव्हापण शिफ्ट लावून बसला. मी आणि आईच गेलो. म्हणजे मला खेळायला जाऊ द्यायचं नाही हे तोंडाने बोलायची हिंमत नाही, म्हणून ही नाटकं. विचारलंच शेवटी. तुला मी खेळायला नकोय का?

"तसं नाही."

मग कसं?

"दूध आणतो," म्हणून गेला. फ्रिजमध्ये दोन पिशव्या होत्या.

१९ जाने., रवि.

स्वातीबरोबर गेले बदलापूरला. हरलो. मी दोनदा बाद, दोन्ही वेळा घोटाच सुटला. पाय: आहेत.

२२ जाने., बुध.

आज तमाशा. स्वाती बुटात झोपली होती, फोन वाजला तर बूट घालूनच उठायला गेली. उजवा बूट चेनपासून मांडीपर्यंत टर्रकन. हवेचे पाइप मशीनमधून उपटून हातात. ह.मॅ.च्या डोळ्यात पाणी. कंपनीकडून नवा यायला महिना जाईल, तोवर अभ्यास बंद.

तर त्यांचे मामा आले, गोपमामा. कॅम्प पाचला त्यांचा जीन्स शिवायचा कारखाना. बूट उलटा केला, सुलटा केला, शिवण ओढून बघितली. "साईं, ये क्या चीज है? पँट ही तो है! एक टाँग की पँट. परसों ले जाना." ह.मॅ. म्हणाल्या, मामा, यात हवा जाते. मामा म्हणाले, "बेटा, हमारी जीन्स में भी आदमी जाता है, वो भी नहीं फटती."

सगळ्या हसल्या. मी पण तोंड हसरं केलं.

२४ जाने., शुक्र.

मामांचा बूट आला. बघण्यासारखा आहे. पिवळ्या दोऱ्याची डबल शिलाई, चेनच्या टोकाला पितळी बटण, आणि मांडीवर चामड्याची पट्टी, तिच्यावर उड्या मारणारा घोडा. पाइपपण मामांनी स्वतः जोडून दिले. "ओरिजिनल से मजबूत," म्हणाले आणि खुर्ची ओढून समोरच बसले, तारीफ ऐकायला.

घातला. डाव्या पायाला नेहमीसारखं, पावलापासून. उजव्याला आधी मांडी दाबली गेल्यासारखी वाटली, पाऊल शेवटी. बोलणार होते. पण मला काय वाटतं त्याचं काय घेऊन बसायचं, चार महिने मला काय वाटतंय हेच मला कळत नाहीये. मामा म्हणाले, "कैसा है बेटा?" म्हटलं, बढिया.

पाय: उजवा जड. बहुतेक.

२७ जाने., सोम.

उजवं पाऊल सुजलं. शनिवारी बूट घातले होते, त्यानंतर हळूहळू. मोजा काढला तर कातडीत खड्डा. पोटरी टणक. तरी आजपण बुटात बसले, ह.मॅ.नी नंतर यंत्र लावलं. डाव्याचा आवाज खणखणीत, उजव्याचा बारीक, बूट घालायच्या आधी होता त्याहून बारीक. परत लावलं. परत तेच. त्यांचं हसू गेलं.

"प्रज्ञा, तुला कधी ऑपरेशन? गोळ्या? लंबा प्रवास?"

नाही.

"डिलिव्हरी तर नाही ना झालेली?"

म्हटलं, झालीय. सप्टेंबरमध्ये.

त्यांनी हातातलं यंत्र खाली ठेवलं. "पहिल्या दिवशी मी विचारलं होतं तुला."

तुम्ही विचारलंत मुलं आहेत का. नाहीत.

मग माझा पाय धरूनच बसल्या, मोजायला नाही, नुसता. म्हणाल्या, डिलिव्हरीनंतर पायातल्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते. गाठ असली तर हे बूट घालायचेच नसतात. गाठ दाबली जाऊन सुटली तर सरळ छातीत जाते, माणूस जाऊ शकतो. घाबरायला मी पाहिजे होते, घाबरल्या त्या. "आज के आज पायाची सोनोग्राफी कर. तोवर खेळ बंद, बूट बंद. सरांना मी फोन करते."

कुठे करायची विचारलं. त्यांनी जे नाव सांगितलं ते तेच सेंटर. तीच खोली.

नाही गेले. सरळ घरी आले.

२८ जाने., मंगळ.

नाही गेले.

सरांचा फोन. "रिपोर्ट नॉर्मल आला तरच मैदानात. नाहीतर डावा कोपरा मी दुसऱ्या पोरीला देतो, मला नाव कळवायचंय." मग ह.मॅ.ना फोन करून म्हटलं, दुसरीकडे कुठे करते. ह.मॅ. म्हणाल्या, दुसरीकडे चार दिवसांनी नंबर लागतो, तुझ्याकडे चार दिवस नाहीत, पाय सुजलाय, समजत नाही का तुला? ओरडल्याच. मग लगेच "सॉरी, सॉरी बेटा." माझ्याहून लहान असतील, आणि मला बेटा म्हणतात.

मरायची भीती वाटली पाहिजे ना? वाटत नाही. त्या खोलीची वाटते. त्या खोलीच्या छताला एक डाग आहे, तो मला पाठ आहे.

आईंनी पाऊल उशीवर ठेवलं, गरम पाण्याने शेकू का म्हणाल्या. ह.मॅ.ना विचारलं तर त्या नको म्हणाल्या. तर आई रात्रभर नुसत्या पायाशी.

३० जाने., गुरु.

ह.मॅ.नी माझा नाद सोडून काल सचिनला फोन केला. सकाळी तो बूट घालून दारात उभा. कंपनीचे बूट, त्याला दुसरे नाहीत. "चल."

तुला सुट्टी आहे?

"चल गं."

गेलो. डॉक्टर दुसरे होते, तरुण. खोली तीच, डागपण तोच. सचिनला बाहेर थांबायला सांगितलं, तो दाराला लागूनच उभा राहिला. जेल लावली मांडीच्या सांध्यापासून खालपर्यंत. गार.

डॉक्टर प्रत्येक शिरेवर यंत्र दाबायचे, स्क्रीन बघायचे, पुढे सरकायचे. मी छताकडेच बघत होते. हे डॉक्टर बोलके निघाले. म्हणाले, "बघा, दाबली की शीर मिटते ना, म्हणजे आत काही अडकलेलं नाही. गाठ असली की दाबूनही मिटत नाही." ही मिटली. ही पण मिटली. गुडघ्यामागची पण. मग म्हणाले आता फ्लो ऐकू, आणि बटण दाबलं.

मोठ्ठा आवाज. खोली भरून. शुक् शुक् शुक् शुक्.

दार धाडकन उघडलं. सचिन आत. मागून तिथली बाई, "अहो, आत नाही यायचं, अहो—" तो माझ्या पोटाकडे बघत होता. पायाकडे नाही, पोटाकडे. म्हणाला, "लागला? आवाज लागला?"

डॉक्टर म्हणाले, "पायाचा आहे हो. यांच्या पायाचा."

तो "हां हां" म्हणाला. मान हलवली. बाहेर जायला वळला आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. आणि रडला. मी त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं, आवाज फार वेगळा येतो त्याचा. डॉक्टरांनी आवाज बंद करायला हात नेला, मी म्हटलं, राहू दे जरा.

राहू दिला.

रिपोर्ट: गाठ नाही. दोन्ही पाय स्वच्छ.

३१ जाने., शुक्र.

रिपोर्टचा फोटो सरांना पाठवला. अंगठा आला.

कालचं डोक्यातून जात नाही. सप्टेंबरमध्ये डॉक्टर उठून बाहेर गेले, सचिनला सांगितलं. मी आत पडून होते, मला काहीच माहीत नव्हतं. मला तर सचिननेच येऊन सांगितलं, हात धरून. म्हणजे मधला तेवढा वेळ त्याला एकट्याला माहीत होतं. एकट्याने ते ऐकलं, चेहरा नीट केला, आणि मग आत आला.

म्हणजे तो माझ्या आधी बाद झालाय. आणि मी चार महिने मनातल्या मनात त्याला शिव्या घालतेय, की याला काही वाटत कसं नाही, कंपनीत जातो, डबा खातो, गाडी सर्व्हिसिंगला देतो. मी पण तेच करतेय की. आम्ही दोघं बाहेरच बसलोय. रांगेत तो पुढे आहे.

त्याला हे सांगितलं नाही. कबड्डीतलं त्याला कळत नाही फारसं. रात्री त्याच्या ताटात जास्तीची भाकरी वाढली, त्याने खाल्ली.

१ फेब्रु., शनि.

सूज उतरतेय. ह.मॅ.ना रिपोर्ट दाखवला तर त्यांनी मला मिठीच मारली, परफ्यूमचा भपका. मग म्हणाल्या, पण गाठ नाही तर सूज कशाची? माझ्या तोंडून निघून गेलं, मॅडम, तो मामांचा बूट आधी मांडी दाबतो.

"क्या?"

आधी मांडी, शेवटी पाऊल. मला तसं वाटलं.

त्यांनी स्वतः पाय घातला. मशीन लावलं. घोडा फुगला आधी. मग गुडघा. मग पोटरी. शेवटी पाऊल. वरून खाली! मामांनी पाइप उलटे जोडलेले. वरचा खाली, खालचा वर. रक्त हृदयाकडे जायचं तर सगळं ढकललं जात होतं तळपायात. स्वाती म्हणाली, मलापण उजवा जड लागत होता, पण मामा समोर बसलेले, तोंडावर कसं सांगायचं? दुसरी म्हणाली, मलापण. म्हणजे सगळ्यांना कळत होतं आणि सगळ्या बढिया बढिया करत होत्या.

ह.मॅ. कपाळाला हात लावून, "माझ्या अभ्यासाचा उजवा पाय गेला! आठवड्याभराचा सगळा उजवा पाय गेला!" मामांना फोन लावला, स्पीकरवर. मामा जराही डगमगले नाहीत. "बेटा, तूने बोला ही नहीं ऊपर से कि नीचे से. पँट तो ऊपर से ही पहनते हैं ना!"

मला हसू आलं. तोंड हसरं केलं नाही, आलं. पोट धरून हसले, डोळ्यातून पाणी, थांबेचना. स्वाती घाबरली, "ताई, बस कर." ह.मॅ.नी पाण्याची बाटली दिली. हसताना मध्येच कधीतरी रडू सुरू झालं असणार, कारण नंतर बघितलं तर ह.मॅ.चा खांदा ओला होता.

५ फेब्रु., बुध.

ग्राउंड. पाइप सुलटे झाले, बूट परत चालू. घोडा तसाच आहे, ह.मॅ. म्हणाल्या राहू दे.

पायाला मुंग्या येतात आता बूट काढल्यावर. नुसत्या सळसळ. ह.मॅ.ना विचारलं, हे काय नवीन? म्हणाल्या, आधी पण येत असतील, तुझं लक्ष नसेल.

स्वातीचा घोटा एकदा पकडला. धरून ठेवला. ती आपटली, मला शिवी दिली. बरं वाटलं.

आई विचारत होत्या, चाचणीला डबा काय देऊ. त्यांच्या मनातलं काही बदललंय असं नाही. पण विचारलं.

१२ फेब्रु., बुध.

सचिनला म्हटलं, रविवारी रिक्षाने जाईन, स्वाती आहे सोबत. तू सर्व्हिसिंगचं बघ. टोमणाच मारला, सवय जात नाही.

तो मोजे घालत होता. खाली बघूनच म्हणाला, "मी सोडतो."

बदलापूरला?

"हो ना. बदलापूरला."

मी डबा भरायला घेतला. उगाच बोलले की हा दूध आणायला जातो.

१५ फेब्रु., शनि.

उद्या. आज बूट नाहीत, सर म्हणाले आराम. पाय: ठीक. बॅग तीनदा भरली, तीनदा उपसली. म्हणजे घाबरलेय. चला, निदान एवढं तरी.

१६ फेब्रु., रवि.

चाचणी झाली. पन्नासेक पोरी, अर्ध्या माझ्याहून दहा वर्षांनी लहान. डावा कोपरा मिळाला पहिल्या डावात. एक घोटा बरोबर पकडला, सोडला नाही, तोंडात माती गेली तरी. एक सुटला. बाहेर बसले, नंबर आल्यावर उठले, या वेळी कोणाला ओरडावं लागलं नाही. नावं दोन दिवसांत लागतील. डाव्या कोपऱ्यासाठी आलेली दुसरी पोरगी पण चांगली आहे, खोटं कशाला लिहू. माझ्याहून वेगवान आहे.

सचिन पूर्ण वेळ होता. कुंपणाला टेकून, हेल्मेट हातात. पाणी प्यायला म्हणून गेले तर म्हणाला, "तू बाहेर बसतेस तेव्हा मला कसंतरी होतं." म्हटलं, खेळच तसा आहे.

परत निघालो. हायवेला वळायच्या जागी तो वळलाच नाही, बदलापूर गावाकडे निघाला. वाटलं काकांकडे चाललोय. म्हटलं, अरे घामाने भिजलेय मी, अशी कुठे नेतोस कोणाकडे. काकांची गल्ली मागे गेली. मग रस्ता संपला, मग पायवाट, मग नदी दिसायला लागली. त्याने गाडी थांबवली आणि स्टँडवर लावायला त्याला जमेना. दोनदा घसरली. तेव्हा कळलं कुठे आणलंय.

म्हणजे बदलापूर नको होतं ते या जागेसाठी. खेळासाठी नाही. विचारलं पण नाही मी कधी त्याला, कुठे ठेवली म्हणून. त्यालापण सांगता आलं नसणार.

झुडपं वाढलेली. तो पुढे, मी मागे. एका झाडापाशी थांबला, परत मागे आला, परत पुढे गेला. दोन दगड होते तिथे उभा राहिला.

"बहुतेक इथे," म्हणाला.

बहुतेक?

"तेव्हा सगळा चिखल होता गं. काकांनी खूण केली होती. आता काही—"

बहुतेकच्या जागी बसलो दोघं. शेजारी शेजारी. मी बूट काढले, मोजे काढले, पाय मातीत ठेवले. ऊन उतरलं होतं, माती अजून गरम होती. त्याने विचारलं, नाव ठेवायचं का. म्हटलं, आज नको. तो बरं म्हणाला. अंधार पडेपर्यंत बसलो, मग आईंचा फोन आला, जेवायला येताय ना म्हणून.

ह.मॅ.नी सांगितलंय रोज लिही. लिहिते.

पाय: दुखतात. दोन्ही.